आईला तोंड आलंय आणि सोबत ताप, नक्की कशामुळे?

समुद्रकाठ:
आई ६३ वर्षांची, देवगडजवळ गावी असते, मी डोंबिवलीत. चार-पाच दिवस झाले तिला तोंड आलंय पण नेहमीसारखं नाही, ओठांच्या आतून, जिभेच्या कडांना, गालांना सगळीकडे पांढरट चट्टे, मीठ न घातलेली पेजसुद्धा गार करून चमच्याने घेतेय आणि गिळताना डोळ्यात पाणी येतं म्हणते. कालपासून ताप पण, १०१-१०२. गावातल्या डॉक्टरांनी बी कॉम्प्लेक्स, लावायचं जेल आणि तापाची गोळी दिली, फरक शून्य. लावणीचे दिवस, चिखलात पाय गेलेच होते, त्यामुळे वाडीतले सगळे लेप्टो लेप्टो (चिखल-पाण्यातून होणारा ताप) करतायत. शुगर नाही बीपी नाही, फक्त संधिवाताची औषधं चालू आहेत. कोणाला असं झालंय का?

खाडीपलीकडे:
उष्णता असतली रे. आमच्याकडे तोंड इला की जाईचो पालो चावून थुकूक सांगतत. सोलकढी दी, पोटाक थंड.

सुरंगी:
सोलकढी नको हो, आंबट आणि मिरची, बिचारी किंचाळेल! गार दूध, मऊ भात, नाचणीचं आंबील ताक न घालता. तळहात-तळपायावर पुटकुळ्या आहेत का बघा, आमच्या अंगणवाडीतल्या पोरांना हँड फूट माउथ झालेलं, त्यातही आधी ताप मग तोंडात फोड. मोठ्यांना कमी होतो पण घरात लहान मूल असेल तर होऊ शकतो. लेप्टोत अंग, पोटऱ्या भयंकर दुखतात, डोळे लाल होतात, तोंड असं सोलवटत नाही सहसा.

गोळीवाला:
मेडिकल स्टोअर आहे माझं, म्हणून विचारतो. संधिवाताची कुठली औषधं? नावं सांगा, शक्यतो पाकिटाचे फोटो मागवून घ्या. त्यात मेथोट्रेक्सेट आहे का?

समुद्रकाठ:
हातावर काही नाही, घरात लहान मूलही नाही. फोटो मागवले दादा. मेथोट्रेक्सेट ७.५ आणि फॉलिक ॲसिड ५, शिवाय दुखेल तेव्हा डायक्लोफिनॅक. यावेळी गोळ्या दुसऱ्या दुकानातून आणल्या, दोन्ही बारक्या पिवळ्या. आई म्हणते "एक रोजची, एक रविवारची". पण रविवारच्या डबीत फॉलिक ॲसिड आहे आणि रोजच्या पाकिटातून मेथोट्रेक्सेट संपत आलंय!!

गोळीवाला:
ती गोळी आत्ता बंद करायला सांगा, डायक्लोफिनॅक पण, आणि आजच्या आज हॉस्पिटल, उद्यावर नको. संधिवातात मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घेतात. रोज गेलं की भरभर नव्याने बनणाऱ्या पेशी आधी मार खातात, तोंडाचं अस्तर त्यातलंच, आणि हाडांच्या मगजातही तेच होतं, पांढऱ्या पेशी पडतात. म्हणजे हा ताप इन्फेक्शनचा असू शकतो आणि अंगात लढायला कोणी नाही. पॅरासिटामॉलने ताप उतरला म्हणून थांबू नका. सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), क्रिएटिनिन (किडनीसाठी), लिव्हरच्या टेस्ट लागतील. यावर उतारा म्हणून ल्युकोव्होरिन देतात. घरातलं फॉलिक ॲसिड जास्त देऊन भागत नाही, कारण ते शरीराला वापरता येतं ज्या एन्झाइममुळे त्यालाच मेथोट्रेक्सेट अडवून ठेवतं, ल्युकोव्होरिन त्या पायरीच्या पुढचं आहे. गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून सोबत न्या आणि दारातच सांगा "मेथोट्रेक्सेट रोज घेतलं गेलंय". नुसतं तोंड आलंय सांगितलंत तर परत बी कॉम्प्लेक्सच मिळेल.

सुरंगी:
बापरे. देवगडहून कणकवली किंवा ओरोस, जिथे ॲडमिट करतील तिथे सरळ. रात्रीच्या पावसात घाट-बिट नाही मधे, निघा.

समुद्रकाठ:
मामा घेऊन गेला, मी पण रात्रीच्या गाडीने पोचलो. पांढऱ्या पेशी १,४००, प्लेटलेट ६२ हजार. वेगळ्या खोलीत ठेवलंय, ल्युकोव्होरिन आणि ॲन्टिबायोटिकची सलाइन चालू आहे. डेंगी आणि लेप्टोची टेस्ट पण केली, दोन्ही निगेटिव्ह. डॉक्टर म्हणाले किडनीवर थोडा ताण आहे, खाणंपिणं बंद पडल्याने औषध बाहेर पडायला अजून उशीर झाला. तोंडातलं कधी बरं होईल?

गोळीवाला:
पेशी वर यायला लागल्या की तोंडही भरून येतं, साधारण आठवडाभर ते दोन आठवडे धरा. तोवर मऊ ब्रश, मीठ-पाण्याच्या गुळण्या, अल्कोहोलवालं माउथवॉश नको. आणि पुढे कधीही ताप आला तर डॉक्टरला हे औषध आहे हे आधी सांगायचं, कारण को-ट्रायमोक्सझोल नावाचं ॲन्टिबायोटिक यासोबत दिलं तर पेशी अशाच पडतात.

खाडीपलीकडे:
बरा झाला वेळेत कळला तां. आवशीक सांग, जाईचो पालो आता ऱ्हवांदे.

समुद्रकाठ:
😄 सांगतो. मेथोट्रेक्सेट परत चालू करायचं की नाही हे संधिवाताचे डॉक्टर ठरवतील. केलंच तर मामाच्या घरी राहील पाकीट, तो रविवारी एकच गोळी आणून देईल.