दोन्ही वाटा योग्यच वाटतात. देवाची इच्छा कशी ओळखावी?

दुसऱ्या शहरातून नोकरीची ऑफर आली आहे, महिनाअखेर कळवायचं आहे. पगार बरा, काम प्रामाणिक. पण इथली मंडळी (चर्च) आणि संडे स्कूलचा माझा वर्ग सुटेल. उपास-प्रार्थना झाली, पाळकसाहेबांशी बोललो, घरच्यांची ना नाही. बायबलमधलं नीतिसूत्रे 3:5-6 (स्वतःच्या बुद्धीवर न विसंबता परमेश्वरावर भरवसा ठेव) रोज वाचतो. जायचं म्हटलं की मनाला शांती वाटते, राहायचं म्हटलं तरी वाटते, पंचाईत तीच! बायबलमधल्या गिदोनाने रात्री लोकर ठेवून तिच्यावरच्या दवावरून देवाकडे चिन्ह मागितलं, तसं मागायला मन धजत नाही. त्याला तर काय करायचं ते देवाने आधीच सांगितलं होतं (शास्ते 6). "प्रार्थना करत राहा" एवढंच कृपया नको. दोन्ही वाटा देवाच्या वचनात बसत असताना तुम्ही निर्णय नेमका कशावरून घेतलात?