फिनलंडच्या शाळेत दोन दिवस बसून आले, आता भांडा

खडूवाली:
मी पुण्यात एका अनुदानित शाळेत दुसरीला शिकवते. मार्चमध्ये भावाकडे एस्पूला गेले होते (हेलसिंकीला लागूनच आहे), भाचीच्या शाळेने रीतसर परवानगी दिली म्हणून दोन दिवस तिच्या वर्गात मागे खुर्ची टाकून बसले.

आधी एक सांगते. फिनलंड म्हटलं की आपल्याकडे दोनच वाक्यं फिरतात, गृहपाठ नाही आणि परीक्षा नाही. दोन्ही अर्धवट. गृहपाठ असतो, थोडाच असतो, वर्गात चाचण्याही होतात. नसते ती बोर्डाची परीक्षा, ती थेट आपल्या बारावीच्या वयाला.

वर्गात १९ मुलं, सगळी मोज्यांवर, बूट बाहेर रॅकमध्ये. बाईंना नावाने हाक मारतात, मला पहिल्यांदा ऐकून कसंतरीच झालं. ४५ मिनिटं तास की १५ मिनिटं बाहेर, उणे सात तापमानातसुद्धा, आणि मी काचेच्या आत थर्मल घालून कुडकुडतेय. अकराला गरम जेवण, फुकट, मुलं स्वतः वाढून घेतात आणि ताटही स्वतः ठेवतात. हे जेवण १९४८ पासून चालू आहे, म्हणजे देश युद्धातून कंगाल होऊन नुकताच उठत होता तेव्हापासून.

पण मला लागलं ते वेगळंच. एक पोरगा वाचताना अडखळत होता. बाई काही बोलल्या नाहीत. थोड्या वेळाने दुसऱ्या बाई दारात आल्या, तो आणि अजून दोघं त्यांच्याबरोबर गेले, अर्ध्या तासाने परत येऊन बसले. त्या विशेष शिक्षिका, शाळेतच असतात. भाचीला विचारलं तो कुठे गेला होता, तर म्हणे "मीपण जायचे की पहिलीत". आपल्याकडे दिवाळीपर्यंत त्याचं नाव ढ पडलं असतं. आपल्या अभ्यास दौऱ्यांमधून फोटो येतात ते बीनबॅगचे आणि रंगीत भिंतींचे, त्या दारातल्या बाईंचा फोटो कोणी काढत नाही.

झेडपीचा मास्तर:
ताई, छान लिहिलंय, पण वाचून चिडचिड झाली. माझी द्विशिक्षकी शाळा, पहिली ते चौथी, दोन वर्ग माझ्याकडे. एका वर्गाला वजाबाकी देतो नि दुसऱ्याला कविता घेतो. मधेच पोषण आहाराच्या नोंदी, यूडायसची (शाळांच्या सरकारी नोंदणीची) माहिती, निवडणूक आली की बीएलओ म्हणून मतदार याद्या. दारात दुसऱ्या बाई कुठून आणू? आमच्याकडे फिरते विशेष शिक्षक आहेत, बिचारे गावोगाव फिरतात, महिन्यातून कधीतरी तोंड दिसतं.

आणि बघून येण्याचं म्हणाल तर फिनलंड कशाला, साताऱ्याचं कुमठे बीट (तिथल्या शाळांचा गट) आहे ना. ज्ञानरचनावाद, म्हणजे मुलांनी स्वतः करून शिकायचं, ते बघायला गाड्या भरभरून शिक्षक गेले, मीपण गेलो, खरंच चांगलं काम होतं. परत येऊन लोकांनी काय केलं, फरशीवर रंगाने तक्ते काढले. झाला ज्ञानरचनावाद.

पाढेप्रेमी:
कौतुक पुरे आता. पिसा नावाची १५ वर्षांच्या मुलांची जागतिक चाचणी असते, तिच्यात फिनलंड गणितात २००६ ला ५४८ वर होता, २०२२ ला ४८४. चौसष्ट गुणांनी आपटलेत, सिंगापूर केव्हाच पुढे गेलं, तिथे घासून घेतात पोरांकडून. ज्यांची गाडी उतारावर आहे त्यांच्याकडे आपण ड्रायव्हिंग शिकायला जायचं? दिल्लीत २०२३ मध्ये शिक्षकांना फिनलंडला पाठवायचं की नाही यावरून सरकार आणि नायब राज्यपालांचं भांडण झालं, खर्चाचा फायदा काय ते दाखवा म्हणाले, यात चुकीचं काय?

एस्पूकर:
इथे ११ वर्षं आहे, दोन मुलं इथल्याच शाळेत. घसरण खरी आहे, इथले लोकही त्यावर रोज भांडतात. २०२५ च्या ऑगस्टपासून तासाला मोबाईल वापरायला कायद्यानेच बंदी आणली. पण पाढेप्रेमी, एक बघा, ज्या नव्या अभ्यासक्रमाला सगळे शिव्या देतात तो २०१६ ला आला आणि गणिताचा आकडा २०१२ लाच ५१९ वर आला होता. म्हणजे बालकेंद्री केलं म्हणून पडले हे जुळत नाही.

उलट बाजूनेही सांगतो. हे काही एका रात्रीत मोकळं सोडून झालेलं नाही. आधी इथेही दहा-अकराव्या वर्षी मुलांची चाळण व्हायची, हुशार एका शाळेत, बाकीचे दुसरीकडे. १९७२ ला उत्तरेच्या लॅपलंडपासून सुरुवात करून १९७७ पर्यंत खाली हेलसिंकीपर्यंत सगळ्यांना एक शाळा केली, तेव्हाही ओरड झाली की हुशार मुलं मरणार. मग शिक्षकाला मास्टर्स सक्तीचं केलं. तपासनीस आणि पुस्तकांची सरकारी मंजुरी काढली ती १९९० च्या दशकात, म्हणजे वीसेक वर्षं करडा अंमल झाल्यावर. आपल्याला फक्त शेवटचा भाग आवडतो.

आणि कबुली, गणिताचा वेग मलाही कमी वाटतो. शनिवारी घरी पाढे घेतो. बायको म्हणते मग पुण्यातच राहायचं होतं.

पाढेप्रेमी:
घ्या, तुम्हीच पाढे घेता 😄
आणि सातव्या वर्षी पहिली त्यांना परवडते कारण फिनिश जसं लिहितात तसंच वाचतात. अक्षरं कळली की वाचन आलं. इंग्रजी मीडियमच्या पोराला तीन वर्षांपासून घासावं लागतं ते उगाच नाही.

खडूवाली:
अहो पण मग मराठीचं काय? र्‍हस्व-दीर्घ आणि ष-श सोडलं तर आपणही लिहितो तसंच वाचतो. तुमच्याच हिशोबाने मराठी शाळेत चौथ्या वर्षी पेन्सिल हातात द्यायची काहीच घाई नाही. घाई आहे ती नर्सरीच्या फीची.

अजून एक राहिलं. तिसरीची मुलं लाकूडकामाला होती, खऱ्या करवती, मुलीसुद्धा. हस्तकाम तिथे १८६६ पासून शाळेत आहे. आपण १९३७ ला वर्ध्यात नई तालीम मांडली, हाताने शिका म्हणून, आणि आता कार्यानुभवाच्या तासाला गणित घेतो. मीही घेतलंय, खोटं कशाला बोलू.

मास्तर, तुमचं सगळं मान्य. पण सगळंच पैशावर ढकलू नका ना. सुट्टीला कुठे पैसे लागतात?

झेडपीचा मास्तर:
केलंय ते. गेल्या वर्षी दर तासानंतर दहा मिनिटं पोरं सोडायचो. पंधरा दिवसांत पालक आले, "गुरुजी, पोरं शाळेत पाठवतो का मैदानावर?" वरून विचारणा झाली की हे वेळापत्रकात कुठे आहे. बंद केलं.

खडूवाली:
त्या पंधरा दिवसांत काही फरक दिसला का पण?

झेडपीचा मास्तर:
दुपारच्या पहिल्या तासाला दोघं रोज झोपतात माझ्याकडे, पहाटे उठून आईबरोबर शेतात जाऊन आलेली असतात. ती झोपत नव्हती. बाकी मोजलं नाही.

पाढेप्रेमी:
दोघांवरून काय सिद्ध होतं?

झेडपीचा मास्तर:
वर्गात नऊच आहेत हो.