बऱ्या न होणाऱ्या मुलांच्या वेदनेची जबाबदारी कुणाची?

कृष्णाकाठ (धागा सुरू करणारी)

मी नर्स आहे. गंभीर आजारी माणसांना घरी जाऊन सेवा देणाऱ्या एका टीममध्ये काम करते. आमच्याकडे येणारे बहुतेक मोठे असतात. मुलं फार कमी येतात, आणि येतात तीही अगदी शेवटी. माझं म्हणणं आधीच सांगते: प्रत्येक जिल्हा रुग्णालयाच्या बालरुग्ण विभागात तोंडाने द्यायचं मॉर्फिन (अफूपासून बनणारं, तीव्र वेदनेवरचं औषध) आणि ते द्यायला शिकलेली निदान एक नर्स असलीच पाहिजे. बाकीच्या सोयी झाल्यावर बघू, हे मला मान्य नाही.

मुलांसाठीचं जगातलं पहिलं हॉस्पिस, म्हणजे बऱ्या न होणाऱ्या आजारात सेवा देणारी संस्था, १९८२ मध्ये ऑक्सफर्डला निघालं. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार पॅलिएटिव्ह केअरची, म्हणजे गंभीर आजारातला त्रास कमी करणाऱ्या सेवेची, गरज असलेली ९८ टक्के मुलं गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत आहेत, त्यातली जवळपास निम्मी आफ्रिकेत. २०११ मध्ये देशोदेशींचा आढावा घेतला गेला, तेव्हा ६५.६ टक्के देशांत मुलांसाठी अशी कुठलीच सोय आढळली नाही. मुख्य आरोग्यव्यवस्थेत ती रुजू लागलेले देश होते ५.७ टक्के.

गरीब देशाला हे परवडत नाही, असं मला वारंवार ऐकवलं जातं. मग युगांडाला कसं परवडलं? १९९३ मध्ये तिथे हॉस्पिस आफ्रिका युगांडा सुरू झालं. मॉर्फिनची पावडर पाण्यात विरघळवून बाटल्या भरायच्या, रुग्णाला त्या फुकट द्यायच्या, अशी ती पद्धत. खास प्रशिक्षण घेतलेल्या नर्सला तिथे मॉर्फिन लिहून देण्याचा अधिकार २००४ पासून आहे. मला तो नाही. कोस्टा रिकासारख्या छोट्या देशात राष्ट्रीय बालरुग्णालयातून १९९० पासून हे काम चालतं, आणि मरणासन्न माणसाची सेवा करणाऱ्याला पगारी रजा देणारा कायदा १९९८ चा आहे.

पोटात गाठ असलेला चार वर्षांचा एक मुलगा आमच्याकडे आला होता. केसपेपरवर लिहिलेलं, ‘शांत आहे, तक्रार नाही’. खूप दिवस दुखत असलेलं मूल रडणं सोडून देतं. ते हलत नाही, नजर देत नाही, पांघरूण ओढलं तरी अंग आखडून घेतं. डॉक्टरांनी मॉर्फिनचा डोस ठरवून दिला. गोळी कुटून पाण्यात विरघळवली, मापाच्या पिचकारीने दर चार तासांनी दिली, सोबत पोट साफ राहायचं औषध. दुसऱ्या दिवशी त्याने आपणहून कूस बदलली आणि आजीकडे पेज मागितली. हे त्याला दोन महिने आधी मिळू शकलं असतं.

तालुक्याचा_डॉक्टर

ताई, तुमच्या कामाबद्दल आदर आहे, पण मी विरोधात लिहिणार आहे. श्रीमंत देशांत कॅन्सर झालेली ८० टक्क्यांहून अधिक मुलं बरी होतात, गरीब देशांत ३० टक्क्यांहूनही कमी. ‘बरं न होणारं मूल’ हे पुष्कळदा आजाराने ठरत नाही, पत्त्याने ठरतं. माझ्याकडून ल्युकेमियाचं (रक्ताच्या कॅन्सरचं) निदान होऊन मुंबईला गेलेली मुलं अर्ध्यातून परत येतात. औषध योजनेतून मिळतं, पण बापाचा रोज बुडतो, राहायला जागा नसते, घरी दुसरं तान्हं असतं. अशा वेळी सरकारच्या हातात स्वस्तातलं मॉर्फिन दिलंत, तर सरकार म्हणेल, झालं आमचं काम. शहरातल्या पोराला आयसीयू आणि पाड्यावरच्या पोराला वेदनाशामक, अशी वाटणी मला नको. आधी मुलं जगवा.

कृष्णाकाठ

डॉक्टर, तुमची भीती खरी आहे, पण ‘आधी हे, मग ते’ असा क्रम मुळात नाहीच. केमो चालू असताना तोंडभर फोड येतात, थुंकी गिळवत नाही. त्या मुलाला मॉर्फिन द्यायचं की तो बरा होणार की नाही हे ठरायची वाट बघायची? अमेरिकेतही पूर्वी हॉस्पिस हवं असेल तर रोगावरचा उपचार सोडा, अशी अट होती. २०१० च्या आरोग्य कायद्याने मेडिकेडवरच्या (गरिबांसाठीच्या सरकारी आरोग्य विम्यावरच्या) मुलांसाठी ती काढली, दोन्ही एकत्र मिळू लागलं. मी तेच मागतेय, निदान झाल्या दिवसापासून.

तालुक्याचा_डॉक्टर

मागायला काहीच हरकत नाही. पण रात्री माझ्याकडे दोन वॉर्डांना मिळून एक नर्स असते. तिला प्रशिक्षणाला पाठवलं तर त्या रात्री वॉर्ड कोण बघणार?

औषधवाला

माझं दुकान आहे, म्हणून औषधापुरतं लिहितो. मध्य प्रदेशात मंदसौर-नीमचला सरकारी परवान्याने अफू पिकते, नीमचला तिचा सरकारी कारखाना आहे, आणि जिल्ह्याच्या गावी मॉर्फिनची गोळी मिळत नाही. १९८५ च्या अमली पदार्थांच्या कायद्यानंतर एकेका रुग्णालयाला चार-पाच परवाने लागायचे, त्यांच्या मुदतीही वेगवेगळ्या. २०१४ च्या दुरुस्तीने ते सोपं झालं. मान्यताप्राप्त संस्थेला आता राज्याच्या औषध नियंत्रकाची एक मान्यता पुरते. तरी रुग्णालयं अर्जच करत नाहीत. कपाटाची किल्ली कुणाकडे, नोंदवही कोण भरणार, तपासणी आली तर काय, ही भीती.

पण ताई, एक विचारतो. मूल गेल्यावर घरात उरलेल्या गोळ्यांचं काय? अमेरिकेत वेदनाशामकांचं व्यसन किती घरांत शिरलं ते आपण वाचलंय. ते सुरू झालं तेही डॉक्टरांच्या चिठ्ठीनेच.

कृष्णाकाठ

तिकडे कंपन्यांनी विक्रीसाठी डॉक्टरांच्या मागे लागून गोळ्या खपवल्या, साध्या कंबरदुखीलाही. इथे मोजून दिलेल्या गोळ्या आहेत. आम्ही आठवड्यापुरत्याच देतो, पुढच्या भेटीत उरलेल्या मोजतो, मूल गेलं की परत घेऊन नोंद करतो. आईवडिलांना पहिल्याच दिवशी हे सांगून ठेवलेलं असतं. नोंदवही कडक हवी, त्याबाबत मी तुमच्याच बाजूची आहे.

सायलीसमीर_आई

वाचत होते, राहवलं नाही. तुम्ही सगळे कॅन्सर आणि मॉर्फिनभोवती फिरताय. माझ्या मुलाला डुशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी आहे, म्हणजे स्नायू हळूहळू निकामी करणारा आनुवंशिक आजार. तो चौदा वर्षांचा आहे. त्याला आजवर मॉर्फिन लागलेलं नाही. त्याला रात्री दोन-दोन तासांनी कुशीवर वळवावं लागतं, कारण स्वतः वळता येत नाही आणि पाय भरून येतात. ते काम त्याचे बाबा करतात आणि सकाळी आठच्या शिफ्टला जातात. खोकला सुटत नाही तेव्हा कफ ओढून काढणारं सक्शन मशीन, आणि वीज गेली की आमचा जीव टांगणीला.

कुठल्याही डॉक्टरांनी आम्हाला पॅलिएटिव्ह केअरचं नाव सांगितलं नाही, कारण तो ‘शेवटचा’ नाही. अशी मुलं वर्षानुवर्षं आजारी असतात. जन्मतः मेंदूला इजा झालेली, हृदयाचे दोष असलेली, आनुवंशिक आजारांची. ताई, तुमच्या मागणीत आमची मुलं कुठे आहेत? मला महिन्यातून दोन दिवस कुणीतरी शिकलेलं माणूस घरी हवं आहे. मुलीच्या शाळेचं संमेलन मी एकदाही पाहिलेलं नाही.

लीड्सकर

मी इंग्लंडमध्ये मुलांच्या हॉस्पिसमध्ये स्वयंसेवक आहे. सायलीसमीर ताई, तुम्ही म्हणताय तेच इथलं मुख्य काम आहे. मुलं शेवटच्या आठवड्यात येतात तशीच वर्षातून काही दिवस राहायलाही येतात. बहीण-भाऊही येतात, आईवडील वरच्या मजल्यावर झोपतात.

पण इथली इमारत बघून भारावून जाऊ नका. यातला बराच पैसा लोकवर्गणीचा आहे: जुन्या कपड्यांची दुकानं, धावण्याच्या शर्यती, मृत्युपत्रातल्या देणग्या. सरकारी अनुदान पुढे चालू राहील की नाही याची धाकधूक असते. रात्री दोनला घरी नर्स येईल की नाही हे तुम्ही कुठल्या भागात राहता त्यावर ठरतं. आपल्याला नमुना हवा तर पोलंडमधलं वॉर्सा बघा. १९९४ पासून तिथे मुलांचं हॉस्पिस घरी जाऊन चालतं.

आजोबा_सांगली

मला एक गोष्ट खटकते. या सेवेतले लोक मुलाला खरं सांगा म्हणतात. आपल्याकडे दहा वर्षांच्या लेकराला ‘तू वाचणार नाहीस’ असं सांगायचं? आईवडिलांच्या जिवाचा तरी विचार करा. हे परदेशातलं खूळ आहे.

लीड्सकर

काका, कुणीही असं तोंडावर सांगत नाही. मूल जितकं विचारतं तितकंच उत्तर द्यायचं असतं. स्वीडनमध्ये कॅन्सरने मूल गमावलेल्या पालकांना विचारलं होतं, २००४ मध्ये ते छापून आलं. मुलाशी मृत्यूबद्दल बोललेल्या १४७ पालकांपैकी एकालाही पस्तावा झाला नव्हता. न बोललेल्यांपैकी २७ टक्के लोकांना झाला होता.

आजोबा_सांगली

स्वीडनचे आईबाप वेगळे, आपले वेगळे. माझं मत बदललेलं नाही. पण औषध द्यायला माझा विरोध नाही, तेवढं लिहून ठेवतो.

कृष्णाकाठ

सायलीसमीर ताई, तुमचं म्हणणं बरोबर आहे. माझी मागणी अपुरी होती. मॉर्फिनवर मी अडून बसले कारण ते नसलं तर माझे हात रिकामे असतात, पण घरी जाणारी नर्स ही त्याच्याइतकीच मोठी गरज आहे. केरळात कोळिकोडला १९९३ मध्ये काम सुरू झालं, २००८ मध्ये राज्याने धोरण केलं, आणि आज तिथे पंचायतीच्या पैशातून नर्स घरोघर जाते. तीच नर्स मुलालाही बघू शकते, फक्त मुलांचा डोस, मुलांची दुखणं ओळखायची पद्धत आणि श्वासाची उपकरणं तिला शिकवावी लागतील.

तालुक्याचा_डॉक्टर

केरळचं उदाहरण इथे चालेलच असं नाही. तिथे दोन घरांमध्ये हाक ऐकू जाते. माझ्याकडे एक पाडा डोंगराच्या अलीकडे, दुसरा पलीकडे. आणि महाराष्ट्रात प्रयत्न झाले नाहीत असंही नाही. २०१० नंतर मुलांसाठीचा प्रकल्प मुंबईच्या सायन रुग्णालयात आणि जव्हारच्या कुटीर रुग्णालयात झाला, त्याला ब्रिटनमधून पैसा होता. जव्हारसारख्या ठिकाणी हे करता येतं, हे मी मान्य करतो. पण मला आता प्रकल्प नकोत. प्रकल्पाला मुदत असते. मंजूर पद दाखवा, पगाराचं शीर्ष (सरकारी खर्चातली तरतूद) दाखवा, मी उद्या माझी नर्स प्रशिक्षणाला पाठवतो.

कृष्णाकाठ

मग डॉक्टर, पदाची मागणी तुमच्या सहीने जाऊ दे. जिल्हा शल्यचिकित्सकांना द्यायचं पत्र मी लिहून काढते: एक नर्स, एक गाडी आठवड्यातून दोन दिवस, रुग्णालयाची मॉर्फिनसाठी मान्यता, आणि दोन सक्शन मशीन बॅटरीसकट. औषधवाला दादा, मान्यतेच्या अर्जाला कुठली कागदपत्रं लागतात तेवढं इथे टाका.

तालुक्याचा_डॉक्टर

पत्र पाठवा, वाचतो. त्यात मुंबईला उपचाराला जाणाऱ्या मुलांच्या आईवडिलांच्या राहण्याची आणि बुडालेल्या रोजाची मागणीही घाला. ती नसेल तर मी सही करणार नाही.

औषधवाला

यादी संध्याकाळी टाकतो.