कम्युनिटी कॉलेजात तत्त्वज्ञान हा मुख्य विषय घ्यावा का? सल्ला हवा आहे

पारिजात

नमस्कार. आम्ही गेली सोळा वर्षे कॅलिफोर्नियात सनीवेल येथे राहतो. मुलगी यंदा हायस्कूल संपवून क्युपर्टिनोच्या डी अँझा या कम्युनिटी कॉलेजात (म्हणजे दोन वर्षांच्या सरकारी कॉलेजात) जाणार आहे आणि दोन वर्षांनी तेथून विद्यापीठात ट्रान्स्फर घेणार आहे, इथपर्यंत घरात एकमत आहे. मतभेद आहे तो विषयावर. हायस्कूलच्या शेवटच्या वर्षी तिने याच कॉलेजात तर्कशास्त्राचा एक वर्ग केला (हायस्कूलच्या मुलांना शिकवणीची फी माफ असते, म्हणून आग्रह आमचाच होता) आणि आता तिला तत्त्वज्ञान हाच मुख्य विषय घ्यायचा आहे. तिच्या वडिलांचा एकच प्रश्न आहे आणि तो मला उडवून लावता येत नाही: पोटापाण्याचे काय? मी स्वतः पुण्यात अकरावी-बारावीला तर्कशास्त्र घेतले होते, पण ते गुण मिळवून देणारा विषय म्हणून. पुढे त्याच्याकडे ढुंकूनही पाहिले नाही. ज्यांनी स्वतः किंवा ज्यांच्या मुलांनी ही वाट धरली आहे, त्यांनी ती कोठे नेते आणि कोठे ठेच लागते, हे कृपया लिहावे. ‘तिला कॉम्प्युटर सायन्स घ्यायला लावा’ हा सल्ला घरात भरपूर उपलब्ध आहे.

कोयनाकाठ

माझा मुलगा याच मार्गाने गेला, म्हणून आधी व्यवहाराचे लिहितो. राज्यातील रहिवाशांना कम्युनिटी कॉलेजची फी सेमिस्टरच्या एका युनिटला (युनिट म्हणजे श्रेयांक) ४६ डॉलर पडते. डी अँझा क्वार्टर पद्धतीने (वर्षाला दोनऐवजी तीन मुख्य सत्रे) चालते, तेथे ती युनिटला ३१ डॉलर आहे. ट्रान्स्फरसाठी ९० क्वार्टर युनिट लागतात, म्हणजे दोन वर्षांची फी २,८०० डॉलरच्या आत बसते, आणि पहिल्यांदाच पूर्णवेळ प्रवेश घेणाऱ्यांना ती माफ करण्याच्या योजनाही आहेत. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियात एका वर्षालाच चौदा हजारांहून अधिक मोजावे लागतात. विषय आवडतो की नाही हे पारखण्याची याहून स्वस्त जागा या देशात शोधून सापडणार नाही.

ट्रान्स्फरचे दोन रस्ते आहेत आणि पालक त्यांची नेहमी गल्लत करतात. पहिला रस्ता ट्रान्स्फरसाठी आखलेल्या असोशिएट, म्हणजे दोन वर्षांच्या, पदवीचा. २०१० च्या कायद्याने ती सुरू झाली आणि ती घेतली की कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीत जागा नक्की मिळते. मात्र ती जागा त्या संस्थेच्या कोठल्या तरी आवारात असते; तुमच्या जवळच्या सॅन होजेलाच मिळेल असे त्यात कोठेही म्हटलेले नाही. दुसरा रस्ता ट्रान्स्फर हमीचा, ज्याला सगळे ‘टॅग’ म्हणतात. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाची डेव्हिस, अर्व्हाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सांता बार्बरा आणि सांता क्रूझ ही सहा आवारे ती हमी देतात, परंतु हमीचा अर्ज एकाच आवारासाठी करता येतो आणि तो सप्टेंबरातच भरावा लागतो. बर्कली, लॉस एंजेलिस आणि सॅन डिएगो ही हमी देत नाहीत. कोणत्या कॉलेजचा कोणता वर्ग कोठे धरला जातो हे ‘असिस्ट’ या संकेतस्थळावर दिसते. ते मुलीने स्वतः उघडून पाहावे, काउन्सेलरच्या एका वाक्यावर विसंबू नये.

आता ठेच कोठे लागते ते सांगतो. तत्त्वज्ञानाच्या त्या असोशिएट पदवीत तर्कशास्त्र आणि त्याच्या जोडीला विषयाची ओळख किंवा नीतिशास्त्र हा गाभा असतो. हे वर्ग जवळजवळ प्रत्येक सत्रात भरतात. प्राचीन आणि आधुनिक तत्त्वज्ञानाचा इतिहास मात्र लहान कॉलेजांत वर्षातून एकदाच लागतो, आणि पुरेशी नावे आली नाहीत तर वर्ग सुरू होण्याच्या आठवड्यात रद्दही होतो. माझ्या मुलाच्या बाबतीत (त्याचे कॉलेज दुसरे होते) नेमके हेच घडले. शेवटी तो वर्ग त्याने चाळीस मैलांवरच्या दुसऱ्या कॉलेजातून ऑनलाइन केला, कारण सगळी कम्युनिटी कॉलेजे एकाच व्यवस्थेत असल्याने तसे करता येते. पण हे आम्हाला जानेवारीत कळले, सप्टेंबरात नव्हे.

वाटसरू

मी अभियंता आहे. काही वर्षांपूर्वी नोकरी गेली तेव्हा, घरी बसून भिंती पाहण्यापेक्षा बरे म्हणून, जवळच्या कम्युनिटी कॉलेजात संध्याकाळचा तत्त्वज्ञानाचा वर्ग घेतला. ‘पुढे काय’ हे इतर सांगतील. मला वाटते, आत काय चालते हे आपल्यापैकी बहुतेकांना ठाऊक नसते आणि म्हणूनच घराघरांत हा वाद उगाच चिघळतो.

वर्गात तीसेक जण होतो. माझ्या डाव्या बाजूला रात्रपाळीला निघालेली एक नर्स तिच्या गणवेशातच बसत असे, मागे सैन्यातून परतलेला एक तरुण आणि उरलेली बहुतेक अठरा-एकोणीस वर्षांची मुले. पहिला गृहपाठ प्लेटोच्या ‘युथिफ्रो’वर होता: एखादी गोष्ट देवांना प्रिय आहे म्हणून पवित्र, की ती पवित्र आहे म्हणून देवांना प्रिय? माझा समज असा की आता आपण आपले मत लिहायचे, उपनिषदातले दोन दाखले द्यायचे आणि मोकळे व्हायचे. बाईंनी मात्र मत मागितलेच नव्हते. सॉक्रेटिसचा युक्तिवाद क्रमांक घातलेल्या विधानांत मांडा, कोणते विधान कोणत्या विधानावर उभे आहे ते दाखवा, आणि हे सर्व एका पानात बसवा, एवढेच सांगितले होते. माझा कागद परत आला तेव्हा तिसऱ्या विधानाखाली लाल शाईने लिहिलेले होते, ‘हे कोण म्हणतो, सॉक्रेटिस की तुम्ही?’ वीस वर्षे तांत्रिक अहवाल लिहिलेल्या माणसाला हा प्रश्न कोणीच कधी विचारला नव्हता, आणि तो पुरेपूर लागू होता.

नर्सने सत्राच्या शेवटी रुग्णाला निदान केव्हा सांगावे यावर लिहिले. तो निबंध तिने वाचून दाखवला तेव्हा वर्गातली पोरे प्रथमच फोन खाली ठेवून बसली होती.

मी पुन्हा अभियांत्रिकीतच आहे, त्यामुळे माझ्या अनुभवावरून रोजगाराचा निष्कर्ष काढू नये. एक मात्र सांगतो: ‘तत्त्वज्ञान म्हणजे गप्पा’ असे ज्यांना वाटते त्यांनी कीर्तन आणि तर्कशास्त्राचा वर्ग यांची गल्लत केलेली असते. (कीर्तनाविषयी माझी काहीही तक्रार नाही.)

दुपारचा चहा

मी कम्युनिटी कॉलेजातून सांता क्रूझला गेले, तत्त्वज्ञानात बी. ए. केले, दोन वर्षे एका लहान कार्यालयात पॅरालीगल (वकिलांचा साहाय्यक) म्हणून फाइली लावल्या आणि मग लॉ स्कूल केले. आता कामगारांचे दावे चालवते.

लॉ स्कूलला अमुकच विषयातील पदवी लागते असे नाही. पाहिले जातात ते गुण आणि एलसॅट ही प्रवेश परीक्षा. तत्त्वज्ञानाचे विद्यार्थी या परीक्षेत वर्षानुवर्षे वरच्या क्रमांकांवर राहिले आहेत. ऑगस्ट २०२४ पासून तिच्यातील ‘लॉजिक गेम्स’ नावाची कोडी गेली. आता गुण मोजले जातात ते युक्तिवादाच्या दोन भागांचे आणि आकलनाच्या एका भागाचे, म्हणजे आपल्या मुलीने जो वर्ग आवडीने केला त्याच जातीचे काम. जीआरई या पदव्युत्तर प्रवेश परीक्षेतही शाब्दिक आणि लेखनाच्या भागांत हे विद्यार्थी पुढे असतात. अर्थात, विषयामुळे मुले हुशार होतात की हुशार मुले हा विषय घेतात, हा प्रश्न आपली मुलगी स्वतःच विचारील, आणि तो रास्त आहे.

माझी सूचना दोन गोष्टींबाबत आहे. खासगी लॉ स्कूलची वर्षाची फी साठ-सत्तर हजार डॉलर आणि त्याहूनही वर जाते आणि शिक्षण तीन वर्षांचे असते, त्यामुळे आधीची चार वर्षे स्वस्तात काढणे हा माझ्या आयुष्यातील सर्वांत फायद्याचा निर्णय ठरला. आणि वकिली ही तत्त्वज्ञानाची ‘सुटका’ म्हणून मनात धरू नये. कायद्याचा कंटाळा असलेली माणसे मी त्या व्यवसायात रोज पाहते. मधली दोन वर्षे पॅरालीगलचे काम केल्याने मला निदान कळले की मला त्याचा कंटाळा येत नाही.

वडिलांना यशस्वी माणसांची उदाहरणे हवी असतील तर स्लॅक या कार्यालयीन संदेशांच्या अ‍ॅपचे सहसंस्थापक स्टुअर्ट बटरफिल्ड तत्त्वज्ञानाचे पदवीधर आहेत, आणि विनोदी अभिनेते स्टीव्ह मार्टिन सांता अ‍ॅना येथील कम्युनिटी कॉलेजातून लाँग बीचच्या विद्यापीठात जाऊन तत्त्वज्ञानच शिकले होते. परंतु अशा नावांवरून कोणीही मुलीचे भवितव्य ठरवू नये.

अंजिरी

एक प्रश्न कोणीच विचारला नाही. आपला व्हिसा कोणता? मुलगी एच-४ वर (एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर आलेल्यांच्या कुटुंबाचा व्हिसा) असेल तर एकविसाव्या वर्षी तो दर्जा संपतो आणि बहुधा विद्यार्थी व्हिसावर जावे लागते. त्या व्हिसावर पदवीनंतर बारा महिने काम करता येते. पुढची चोवीस महिन्यांची वाढ विज्ञान-तंत्रज्ञानाच्या विषयांनाच मिळते आणि तत्त्वज्ञान त्या यादीत नाही. एच-१बी साठी नोकरी आणि पदवी यांचा थेट संबंधही दाखवावा लागतो. या परिस्थितीत माझे उत्तर वरच्या सर्वांपेक्षा वेगळे असेल.

पारिजात

सर्वांचे मनापासून आभार. आमच्याकडे ग्रीन कार्ड आहे, त्यामुळे अंजिरी यांनी दाखवलेला धोका आम्हाला नाही. परंतु तो येथे लिहिला गेला हे बरे झाले, कारण आमच्या ओळखीतील दोन घरांना तो तंतोतंत लागू आहे. आणखी एक विचारते. मुलीला तिच्या तर्कशास्त्राच्या सरांसारखे कम्युनिटी कॉलेजातच शिकवायचे आहे. ते कितपत शक्य आहे?

पाऊलखुणा

याचे उत्तर माझ्याकडे आहे, कारण मी नऊ वर्षे तेच करतो आहे. कॅलिफोर्नियाच्या कम्युनिटी कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवायला किमान एम. ए. लागते; पीएच. डी. ची अट नाही. यावरून ते सोपे वाटते. प्रत्यक्षात पूर्णवेळची एखादी जागा निघाली तर तिला पीएच. डी. झालेले उमेदवार झुंडीने अर्ज करतात, आणि आमच्यासारखे बहुतेक जण अर्धवेळ शिकवतात. अर्धवेळ शिक्षकाला एका डिस्ट्रिक्टमध्ये (एकाच मंडळाखालील कॉलेजांत) पूर्णवेळ कामाच्या ६७ टक्क्यांहून अधिक वर्ग देता येत नाहीत, असा राज्याचा कायदा आहे. म्हणून पोट भरण्यासाठी दोन-तीन डिस्ट्रिक्ट धरावे लागतात. आम्हाला ‘फ्रीवे फ्लायर’ म्हणतात ते यामुळे. माझा मंगळवार असा असतो: सकाळी आठला एका गावी नीतिशास्त्र, दुपारी पन्नास मैलांवर तर्कशास्त्र, संध्याकाळी तिसऱ्या ठिकाणी पुन्हा नीतिशास्त्र. गाडीच्या मागच्या सीटवर तीन खोकी आहेत, प्रत्येक कॉलेजचे एक, आणि एकदा मी एका कॉलेजचे तपासलेले पेपर दुसऱ्या कॉलेजात वाटायला काढले होते.

तरीही मी हे काम सोडलेले नाही. आपल्या मुलीला मी नको म्हणणार नाही, पण एवढे सांगेन की तिने त्या सरांच्या भेटीच्या वेळेत जाऊन ते पूर्णवेळ आहेत की अर्धवेळ, तेथवर पोहोचायला त्यांना किती वर्षे लागली आणि आरोग्य विमा कोण भरते, हे तीन प्रश्न विचारावेत. माझा अनुभव असा, की शिक्षकांना हे विचारलेले आवडते. विचारत कोणी नाही. शिकवायचेच असेल तर सोबत गणित किंवा इंग्रजीचे पुरेसे वर्ग करून ठेवावेत, म्हणजे हायस्कूलच्या शिक्षकाचा परवाना हा दुसरा दरवाजा उघडा राहतो.

आणखी एक. ‘तत्त्वज्ञानातून आत शिरा आणि मग कॉम्प्युटर सायन्सला बदलून घ्या’ असा सल्ला पालकांच्या गटांत फिरत असतो. तो ऐकू नये. मागणी असलेल्या विभागांनी असे मागचे दार बहुतेक ठिकाणी बंद केले आहे, आणि त्यात मुलीच्या खऱ्या आवडीचीही फसवणूक होते.

पारिजात

हा धागा मुलीने वाचला. काल रात्री तिने वडिलांचा आक्षेप कागदावर पाच विधानांत क्रमांक घालून मांडला आणि तो कागद त्यांच्या चहाच्या कपाखाली ठेवला. दुसरे विधान ‘ज्या विषयाच्या नावाची नोकरी नसते, त्यातून नोकरी मिळत नाही’ असे होते. त्यांनी पेन मागून घेतले, ‘मी असे म्हटले नव्हते’ असे त्याखाली लिहिले आणि स्वतःचे दुसरे विधान नव्याने लिहायला बसले. ते अद्याप पूर्ण झालेले नाही. काउन्सेलरची वेळ पुढच्या गुरुवारची मिळाली आहे, आणि तत्त्वज्ञानाच्या इतिहासाचे दोन्ही वर्ग कोणत्या क्वार्टरला लागतात हा तिच्या यादीतला पहिला प्रश्न आहे. सरांना विचारायचे तीन प्रश्न तिने वेगळ्या पानावर उतरवून घेतले आहेत.