वाइड रिसीव्हरांची क्रमवारी कोणत्या मापाने लावावी?

टिळकवाडीकर:
आम्ही टिळकवाडीतील काही जण दरवर्षी सोमवारी पहाटे पाचच्या सुमारास उठून सुपर बोल, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या एनएफएल या व्यावसायिक लीगचा अंतिम सामना, पाहतो. अमेरिकेत तेव्हा रविवारची संध्याकाळ असते. आमच्या मंडळींत सध्या आजवरच्या सर्वोत्तम पाच वाइड रिसीव्हरांवरून (पुढे धावत जाऊन फेकलेला चेंडू झेलणाऱ्या खेळाडूंवरून) वाद चालू आहे. जेरी राइस पहिला, याविषयी कोणाचेही दुमत नाही. दुसऱ्या जागेसाठी मात्र एक गट कारकिर्दीत झेलांतून चेंडू किती यार्ड पुढे गेला ती बेरीज पाहून लॅरी फिट्झजेराल्डचे नाव घेतो आणि दुसरा गट रँडी मॉसपुढे कोणालाही मोजायला तयार नाही. फिट्झजेराल्डचे यार्ड १७,४९२ आहेत आणि मॉसचे १५,२९२, म्हणजे फरक बरोबर २,२०० यार्डांचा आहे. एवढा फरक असताना मॉसला वर ठेवणे न्याय्य ठरेल का? जाणकारांनी कारणांसह मत द्यावे, ही विनंती.

निपाणीकर:
एकूण यार्ड हे प्रामुख्याने खेळाडू किती वर्षे टिकला याचे माप आहे, आणि टिकून राहणे हा गुण असला तरी तो एकमेव गुण नव्हे. राइसच्या बाबतीत दोन्ही गोष्टी एकत्र येतात, म्हणूनच तो वादापलीकडे आहे. १९८५ ते २००४ या २० हंगामांत त्याने १,५४९ झेल, २२,८९५ यार्ड आणि १९७ टचडाउन झेल (प्रतिस्पर्ध्याच्या शेवटच्या रेषेपलीकडे चेंडू पोहोचवून गुण मिळवून देणारे झेल) मिळवले. दुसऱ्या क्रमांकावरील फिट्झजेराल्ड त्याच्यापेक्षा पाच हजारांहून अधिक यार्डांनी मागे राहिला. शिवाय १९८७ मध्ये खेळाडूंच्या संपामुळे राइसला १२ सामनेच मिळाले, तरी त्यांत त्याने २२ टचडाउन झेलले. २००२ च्या हंगामात वयाची चाळिशी गाठत असतानाही त्याने १,२११ यार्ड केले.

मॉसचा विचार वेगळ्या रीतीने करावा लागतो. १९९८ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात त्या निवडीत, तो २१ व्या क्रमांकापर्यंत खाली घसरला आणि मिनेसोटाने त्याला घेतले. त्याच वर्षी थँक्सगिव्हिंगच्या दिवशी डॅलसच्या मैदानावर त्याने फक्त तीन झेल घेतले. तिन्ही टचडाउन ठरले आणि यार्ड झाले १६३. असा माणूस मैदानात उभा असला की बचाव फळीतील सेफ्टीला मागे सरकावेच लागते आणि त्यामुळे इतर खेळाडूंसाठी मधली जागा मोकळी होते. हे काम त्याच्या नावावरील आकड्यांत कोठेच दिसत नाही. २००७ मधील त्याचे २३ टचडाउन झेल हा आजही एका हंगामातील विक्रम आहे. माझ्या मते दुसरी जागा निःसंशय मॉसची आहे.

खानापूरची वाचक:
वरील चर्चेत डॉन हटसनचे नाव कसे आले नाही, याचे आश्चर्य वाटते. तो १९३५ ते १९४५ या काळात ग्रीन बे संघातून खेळला. त्या काळी हंगामात दहा-बारा सामने असत आणि चेंडू फेकण्यापेक्षा तो घेऊन धावण्यावरच संघांची भिस्त असे. तरीही त्याचे ९९ टचडाउन झेल झाले आणि तो विक्रम १९८९ पर्यंत मोडला गेला नाही. १९४२ मध्ये त्याने ७४ झेल घेतले, म्हणजे त्या वर्षी दुसऱ्या क्रमांकावर असलेल्या खेळाडूच्या दुपटीहून अधिक. (गंमत म्हणजे त्या हंगामातील त्याचे यार्डही १,२११ च होते.) शिवाय रिसीव्हरला ठरावीक रेषेपासून पाच यार्डांपुढे अडवण्यास मनाई करणारा नियम १९७८ साली आला. त्यामुळे त्याच्या आधीच्या आणि नंतरच्या खेळाडूंचे आकडे एकाच रांगेत मांडणे मुळातच चुकीचे आहे. प्रत्येकाला त्याच्या समकालीनांशी ताडून पाहिले, तर हटसन दुसरा येतो, कदाचित पहिलाही.

शहापूरकर:
खानापूरच्या ताईंचे माप मला मान्य आहे, परंतु ते हटसनला लावताना एक गोष्ट सुटते. आखाड्यात जुन्या मल्लाची थोरवी सांगताना त्याने किती कुस्त्या मारल्या एवढेच आपण विचारत नाही, त्याच्यासमोर जोड कोण होता हेही विचारतो. १९३४ ते १९४५ या काळात त्या लीगमध्ये एकाही कृष्णवर्णीय खेळाडूला खेळू दिले गेले नाही. १९४६ मध्ये लॉस एंजेलिसच्या संघाने केनी वॉशिंग्टनला घेतले तेव्हा ही बंदी मोडली. हटसनची संपूर्ण कारकीर्द या बंदीच्या आतच संपते. त्यातही अखेरची काही वर्षे युद्धाची होती आणि अनेक खेळाडू सैन्यात गेले होते. यात त्याचा दोष नाही, पण समकालीनच निवडून ठेवलेले असतील तर त्यांच्याशी केलेली तुलनाही तेवढीच तोकडी पडते. मी त्याला पाचांत ठेवीन, परंतु मॉसच्या वर नाही.

टिळकवाडीकर:
सर्वांचे आभार. बंदीचा मुद्दा आमच्यापैकी कोणाच्याही लक्षात आला नव्हता. आता माझी यादी राइस, मॉस, हटसन, फिट्झजेराल्ड आणि टेरेल ओवेन्स अशी होते. ओवेन्सच्या नावावर १५३ टचडाउन झेल आहेत, म्हणजे फिट्झजेराल्डपेक्षा ३२ अधिक, त्यामुळे चौथ्या जागेविषयी मंडळींत पुन्हा जुंपणार हे उघड आहे. एका मित्राने कॅल्विन जॉन्सनसाठीही हट्ट धरला आहे. २०१२ मधील त्याचे १,९६४ यार्ड हा एका हंगामातील विक्रम आहे, परंतु नऊ हंगामांनंतर तो निवृत्त झाला.

निपाणीकर:
चौथ्या जागेवर फिट्झजेराल्डच राहू द्यावा. तो १७ हंगाम एकाच संघात राहिला आणि त्या काळात त्याला चेंडू देणारे क्वार्टरबॅक सतत बदलत गेले. कर्ट वॉर्नरसारखा मातब्बर साथीदार त्याला काही वर्षेच लाभला. मात्र जॉन्सनला पाचांत घ्यायचे असेल, तर ओवेन्सला वगळण्याचे कारण आपल्या मित्राने आधी द्यावे.