नायिकेची नोकरी चौथ्या प्रकरणानंतर जाते कुठे?

अर्धविराम

करिअर आणि प्रेम यांच्या ओढाताणीत सापडलेली महत्त्वाकांक्षी नायिका हे लोकप्रिय कादंबऱ्यांचं हुकमी नाणं झालं आहे. मी या कादंबऱ्या भरपूर वाचते आणि आवडीने वाचते, तेव्हा 'तुम्हाला हा प्रकारच कळत नाही' हे उत्तर कृपया नको. प्रेमाबद्दल माझी तक्रार नाहीच. तक्रार नोकरीबद्दल आहे.

पहिली तीन प्रकरणं बाई नुसती धडाक्यात असते. पहाटे मेल, दिवसभर मीटिंगा, टाचांच्या बुटांचा टकटक आवाज, घाबरलेली असिस्टंट. चौथ्या प्रकरणात तो भेटतो आणि तिथून पुढे नोकरी फोनच्या रिंगपुरती उरते. दोघं जरा जवळ आले की फोन वाजायचा, एवढंच तिचं काम. बाई ऑफिसात नेमकं करते काय? 'मोठं डील' असतं, पण कशाचं? वकील असेल तर तिची केस कसली हे शेवटपर्यंत कळत नाही, त्याच्या दंडाचे स्नायू मात्र वाचकाला पाठ होतात.

दुसरं याहून वाईट. नायकाने शून्यातून साम्राज्य उभं केलेलं असतं आणि ती त्याची कर्तबगारी असते. नायिका रात्री नऊपर्यंत ऑफिसात बसली की लगेच कारण शोधलं जातं: बाप लहानपणी सोडून गेला, आईने कधी कौतुक केलं नाही, आधीच्या प्रियकराने दगा दिला. एखाद्या बाईला आपलं काम आवडतं म्हणून ती ते करते, हे कारण लेखिकांना पुरेसं का वाटत नाही? मग तो येतो, तिला 'थांबायला' शिकवतो, सूर्यास्त दाखवतो, आणि तिला साक्षात्कार होतो. त्याच्या महत्त्वाकांक्षेवर कुणी उपचार केल्याचं माझ्या वाचनात नाही.

पान_दुमडलेलं

पूर्ण असहमत. तुम्ही भलत्या दुकानात भलतीच वस्तू मागताय.

रोमान्स रायटर्स ऑफ अमेरिका या लेखकांच्या संघटनेने या प्रकाराची व्याख्या करताना दोनच गोष्टी मागितल्या आहेत: कथेच्या मध्यभागी प्रेम आणि मनाला समाधान देणारा, आशा ठेवणारा शेवट. बस्स. नोकरीचं सविस्तर वर्णन त्यात कुठेच नाही. खुनाच्या कादंबरीत इन्स्पेक्टरच्या मुलाची दहावी कशी गेली हे सांगितलं नाही म्हणून कुणी गळा काढत नाही.

आणि वाचणारी कोण, तेही बघा. जॅनिस रॅडवे या अमेरिकन अभ्यासिकेने रोमान्स वाचणाऱ्या बायकांच्या एका गटाशी बोलून १९८४ मध्ये पुस्तक लिहिलं. त्या बायकांचं म्हणणं असं की पुस्तक हातात धरणं हीच आमची सुट्टी, तेवढा वेळ आम्ही कुणाची आई नसतो की बायको नसतो. दिवसभर एक्सेल भरून आलेल्या बाईला रात्री अंथरुणात परत एक्सेल कशाला हवं?

अर्धविराम

रॅडवेचं ते निरीक्षण माझ्याच बाजूचं आहे. ज्या बाईला स्वतःचा तासभरसुद्धा भांडून मिळवावा लागतो, तिला तासांची गोष्ट नको असेल?

आणि काम कंटाळवाणं असतं हे कोणी ठरवलं? डॉक्टरांच्या, वकिलांच्या, पोलिसांच्या कादंबऱ्या कामावरच तर चालतात. शवविच्छेदनाची वीस पानं लोक श्वास रोखून वाचतात.

निळी_शाई

शवविच्छेदन आणि जीएसटी रिटर्न यांत फरक आहे हो. :)

तळटीप

'काम आणि पगार आला की प्रेमकथा कोरडी होते' हा समज जुन्यातल्या जुन्या पुस्तकाने खोटा ठरवला आहे. शार्लट ब्राँटीची 'जेन एअर', १८४७. त्यात नायिकेचा पगार आकड्यात आहे. लोवुडच्या शाळेत वर्षाला १५ पौंड, थॉर्नफील्डच्या वाड्यात गव्हर्नेस, म्हणजे घरी राहून शिकवणारी बाई, म्हणून ३०. मजा पुढे आहे. जेन आजारी मामीला बघायला निघते तेव्हा तिचे १५ पौंड थकलेले असतात. रॉचेस्टर, म्हणजे वाड्याचा मालक आणि कथेचा नायक, पन्नासाची नोट पुढे करतो, ती म्हणते सुटे नाहीत. मग तो मुद्दाम १० च देतो, कारण पुरे पैसे मिळाले तर ही लांबच राहील अशी त्याला धास्ती. ती शांतपणे सांगते, म्हणजे माझे पाच तुमच्याकडे राहिले. अख्ख्या पुस्तकात यापेक्षा गोड प्रेमप्रसंग मला तरी सापडलेला नाही, आणि तो थकलेल्या पगारावर उभा आहे!

लग्न ठरल्यावर तो दागिने-रेशीम करायला लागतो, तर ही म्हणते, मी अदेलला, म्हणजे तुमच्याकडच्या माझ्या विद्यार्थिनीला, शिकवत राहीन, माझं खाणं-राहणं आणि वर ३० पौंड स्वतः कमावीन. पुढे लग्न मोडून ती तिथून निघून जाते, आणि काकाचे २०,००० पौंड मिळतात तेव्हा तिन्ही भावंडांबरोबर चार सारखे वाटे करते. आणि स्वतःचे ५,००० हाताशी आल्यावरच त्याच्याकडे परत जाते.

आजच्या किती कादंबऱ्यांत नायिकेचा पगार कळतो? बुटांचा ब्रँड कळतो, बॅगेचा कळतो. ते घ्यायला ईएमआय किती, ते नाही.

अर्धविराम

तळटीप, पगाराचा मुद्दा शंभर टक्के मान्य. पण पुस्तकाचं शेवटचं प्रकरण पुन्हा उघडा. लग्नानंतर जेन सांगते की अदेलची गव्हर्नेस व्हायचा माझा बेत होता, पण ते जमण्यासारखं नव्हतं. माझा सगळा वेळ आता नवऱ्याला हवा होता. एवढंच! तीस पौंडांसाठी इतकी ताठ उभी राहिलेली बाई एका वाक्यात नोकरीबाहेर. मी म्हणते तो रोग १८४७ पासूनचा आहे. वाईट एवढंच की ब्राँटीने तो एक वाक्य तरी खर्चून लिहिला, आताच्या लेखिका तेवढंही लिहीत नाहीत.

तळटीप

तो आंधळा झालेला असतो हो! त्याला वाचून कोण दाखवणार?

अर्धविराम

पैसे आहेत ना? माणूस ठेवा.

पान_दुमडलेलं

घ्या. आंधळ्या नवऱ्याला वाचून दाखवण्यातही आता अन्याय.

कोरा_कागद

एक विसरताय. लग्नानंतर नोकरी नाहीशी होणं हा कित्येक दशकं कल्पनेचा आळस नव्हता, नियम होता. ब्रिटनमध्ये लग्न झालं की शिक्षिकेला काढून टाकायची पद्धत १९४४ च्या शिक्षण कायद्याने मोडली आणि सरकारी नोकरीतली तशीच बंदी १९४६ मध्ये उठली. मिल्स अँड बून ही प्रेमकादंबऱ्यांची ब्रिटिश कंपनी तर १९०८ ची. म्हणजे त्यांच्या कित्येक नायिकांपुढे 'बॅलन्स' वगैरे प्रश्नच नव्हता. बोहल्यावर चढलं की राजीनामा. तेव्हाच्या लेखिकांनी नोकरी लग्नापर्यंतच लिहिली तर त्यांना नावं ठेवू नका. साचा त्या काळात घडला आणि मग नियम गेला, साचा राहिला. माझा राग आजच्या संपादकांवर आहे.

मराठीत हा पेच विभावरी शिरूरकरांनी १९३३ मध्येच 'कळ्यांचे निःश्वास'मध्ये मांडला होता: शिकलेल्या, कमावत्या मुली आणि त्यांची घुसमट. तोही टोपणनावाने, आणि या विभावरी म्हणजे खऱ्या कोण (त्या पुढच्या मालतीबाई बेडेकर) याचा शोध घ्यायला लोक हात धुऊन मागे लागले होते. त्यात नायकाने येऊन काही सोडवलं नाही, म्हणूनच ते इतकं झोंबलं असं माझं मत.

निळी_शाई

मला उलट बाजूने बोलायचं आहे. नोकरी सोडून गावी जाऊन बेकरी काढणाऱ्या नायिकेची सगळे टर उडवतात. मोठ्या शहरातली सल्लागार, लहान गाव, चौकड्यांच्या शर्टातला सुतार, दालचिनीचा वास. ठीक आहे, ठरलेलं आहे. पण बेकरी हे काम नाही का? पहाटे तीनला उठून पीठ मळणं, उसनवारीवर ओव्हन घेणं, नोकर माणूस सोडून गेला की स्वतः भट्टीपुढे उभं राहणं, हे बोर्डरूममध्ये बसण्यापेक्षा कमी महत्त्वाकांक्षी कसं? मी स्वतः मोठ्या पगाराची नोकरी सोडून स्वतःचं छोटं काम सुरू केलं. तेव्हा 'हरली बिचारी' म्हणणारे बहुतेक सगळे स्वतःला पुरोगामी म्हणवणारेच होते.

अर्धविराम

बेकरीला माझी ना नाही. पण त्या कादंबरीत तुम्ही म्हणता ते उसनं, ते पीठ, तो पळालेला नोकर कुठे असतो? तिचा पहिलाच केक जमतो आणि दुसऱ्या आठवड्यात दारात रांग. बेकरी काढा, पण एकदा तरी तोट्यात जाऊ द्या.

पान_दुमडलेलं

तोटाच वाचायचा तर बार्बरा टेलर ब्रॅडफर्डची 'अ वुमन ऑफ सब्स्टन्स' (१९७९) वाचा की. एमा हार्ट स्वयंपाकघरातल्या मोलकरणीपासून सुरुवात करते आणि डिपार्टमेंट स्टोअरची मालकीण होते. दुकान, माल, भागीदारी, सगळं पानापानावर आहे. तुम्हाला हवी तशी कादंबरी बाजारात आली आणि तुफान खपलीही. तेव्हा 'लिहीतच नाहीत' म्हणू नका.

अर्धविराम

एमा मलाही आवडते. पण तिला त्या यशाची किंमत काय मोजावी लागते बघा. म्हातारपणी पोटची मुलं तिचंच साम्राज्य मोडून वाटून घ्यायचा कट करतात. म्हणजे पर्याय दोन: एक तर काम सोडा आणि सुखी व्हा, नाहीतर काम करा आणि पोरांचं कारस्थान दुसऱ्याच्या तोंडून ऐका.

कोरा_कागद

आणि 'द डेव्हिल वेअर्स प्राडा' विसरू नका. फॅशन मासिकाच्या कडक संपादिकेकडे असिस्टंट झालेल्या मुलीची गोष्ट. २००३ च्या कादंबरीत तिचा प्रियकर असलेला मित्र शिक्षक आहे, २००६ च्या सिनेमात तो स्वयंपाकी झाला, पण दोन्हीकडे भूमिका तीच: हिला वेळ नाही म्हणून तोंड पाडून बसणे. सिनेमात ती त्याच्या वाढदिवसाला उशिरा पोचते आणि शेवटी तीच त्याला जाऊन सांगते की तुझंच बरोबर होतं. गंमत म्हणजे तेव्हा ज्या प्रेक्षकांनी हे मुकाट पचवलं, त्यांच्यातलेच कित्येक आज म्हणतात की सिनेमातला खरा खलनायक तो मित्र. कथा तीच आहे, बघणाऱ्या बायका नोकरीत पंधरा-वीस वर्षं मुरल्या आहेत.

पान_दुमडलेलं

मला तो मित्र अजूनही पटतो. ज्या नोकरीत बॉसला अप्रकाशित पुस्तकाचं हस्तलिखित आणून द्यायला पळावं लागतं, ती सोड म्हणणारा माणूस वाईट कसा? काम आवडणं वेगळं आणि कामाने पिळून घेणं वेगळं. तुम्ही सगळ्या 'महत्त्वाकांक्षा' म्हणून जे डोक्यावर घेताय त्यातलं अर्धं निव्वळ शोषण आहे.

तळटीप

हा मुद्दा तगडा आहे. पण मग कादंबरीने बॉसशी भांडावं. ती 'प्रेम की काम' असं विचारते तेव्हा बॉस नामानिराळा राहतो आणि भांडण घरात येतं.

मला दुसरंच सुचतंय. नायक अब्जाधीश का असतो? सगळे म्हणतात चैनीची हौस. मला नाही वाटत. अब्जाधीशाच्या घरी भांडी कुणी घासायची हा प्रश्न उद्भवत नाही, म्हणून तो अब्जाधीश. मध्यमवर्गीय नायक आणला की तिसऱ्याच दिवशी लेखिकेला लिहावं लागेल की आज लवकर घरी कोण येणार, आजारी मुलाजवळ कोण थांबणार, बदली कुणी नाकारायची. हेलिकॉप्टर हा सगळा संवाद टाळतं. वाचणारीला हिऱ्यांची नाही, वेळेची भूक आहे.

निळी_शाई

हे भारी आहे. पण मग त्या अब्जाधीशाकडे भांडी घासणारी बाई कोण? तिचं करिअर, तिचं प्रेम?

तळटीप

थॉर्नफील्डमध्ये आहे ना! ग्रेस पूल, रॉचेस्टरच्या कोंडून ठेवलेल्या वेड्या बायकोची राखण करणारी. मोलकरणी कुजबुजतात की आपला पगार तिच्या पाचव्या हिश्शाइतकाही नाही. दर तिमाहीला मिल्कोटच्या बँकेत जाऊन पैसे ठेवते, कधीही सोडून गेली तरी चालेल इतकं साठवलं आहे म्हणतात. अवघड काम, कौशल्याचं, तिच्याइतकं जमणारं दुसरं कुणी नाही. अख्ख्या पुस्तकात करिअर म्हणावं असं करिअर तिचंच.

पान_दुमडलेलं

मग लिहा तिच्यावर. नायक कोण?

तळटीप

नायक कशाला हवा? रात्री मगभर पोर्टर बिअर मिळाली की झालं.

अर्धविराम

पिऊन झोपली म्हणून तर वेडी बाई किल्ल्या काढून बाहेर पडली आणि वाडा जळला! काम करणाऱ्या बाईला इथेही झोप नडलीच.

निळी_शाई

एकटीला दिवसरात्रीची ड्युटी दिली होती. रिलीव्हर ठेवायला मालकाला काय झालं होतं?