भरतपूरला गेलेले कोण कोण? (अनुभव धागा)

परवा माळा आवरताना भावाची जुनी दुर्बीण सापडली, एका काचेवर बुरशी आलेली. राजस्थानातलं भरतपूरचं पक्षी अभयारण्यच आठवलं एकदम. डिसेंबरातली सकाळ, असं धुकं की पाणी कुठे संपतं कळेना, नुसता कलकलाट. सायकलरिक्षावाले काकाच गाइड. "वो देखिए, सारस" म्हणत बोट दाखवायचे आणि आम्ही धुक्याकडे बघत "हो हो" म्हणायचो. ऊन आल्यावर दिसलं, बाभळी चित्रबलाकांनी (रंगीत करकोचे) लगडलेल्या!
केवलादेवाच्या देवळाजवळ शिकारींचा दगडी हिशेब आहे. तारीख, पाहुणे, किती पक्षी पाडले. १२ नोव्हेंबर १९३८, व्हाइसरॉय लिनलिथगो, ४,२७३. एका दिवसात. आमची सकाळपासूनची यादी एकतीस जातींची, भावाने ती गपचूप खिशात घातली.
तुम्ही काय पाहिलंत?

रानवारा
पाणीच नव्हतं आम्ही गेलो त्या वर्षी. सगळा खेळ जवळच्या अजान बांधातून किती पाणी सोडतील त्यावर. भेगाळलेली जमीन, चार नीलगायी आणि ऊन खात पडलेला अजगर. बायको अजून "तुझं ते पक्षी अभयारण्य" म्हणते.

सई_ताई
अजगर केवढा होता? मुलांना नेणार आहे

रानवारा
झोपला होता, मापं घेतली नाहीत 😄

जुनाजाणता
मी सायबेरियन क्रौंच पाहिलेत तिथे, कॉलेजात असताना. लांबवर चार पांढरे ठिपके. मित्र हरखला होता, मला चहाची पडली होती. २००२ नंतर ते आलेच नाहीत. आता कुणाला सांगितलं की माझ्याकडेच दुर्मीळ पक्ष्यासारखं बघतात.

गोठेवाली
त्या दगडांबद्दल सगळे बोलतात, म्हशींबद्दल कोणी नाही. १९८२ मध्ये चराई बंद केली, गावकरी चिडले, पोलीस गोळीबारात माणसं गेली. पुढे बीएनएचएस या निसर्ग अभ्यासकांच्या संस्थेच्याच अभ्यासात दिसलं की चरायला कोणी नाही म्हणून गवत माजलं आणि पक्ष्यांना उघडं पाणी कमी पडलं. आमच्या आजीने फुकट सांगितलं असतं. बाकी नंतर, कुकर झाला.

टिबुकली
एवढ्या लांब कशाला, नांदूरमध्यमेश्वर आहे की! गोदावरी-कादवेच्या संगमावरच्या बंधाऱ्यात गाळ साचून झालेलं, २०२० पासून रामसर यादीत (महत्त्वाच्या पाणथळ जागांची जागतिक यादी), राज्यातलं पहिलं. सासूबाईंना नेलं होतं. पाण्यावर काळ्या पक्ष्यांचा थवा, कपाळावर पांढरा टिळा. म्हटलं यांना वारकरी म्हणतात. तर हात जोडले त्यांनी!

जुनाजाणता
चांदवा पण म्हणतात त्याला.

टिबुकली
सासूबाईंना तुम्ही सांगा.

सई_ताई
धागाकर्त्या, दुर्बिणीचं काय केलंत? आमच्याकडेही बुरशीवाली एक पडून आहे

धागाकर्ती
उन्हात ठेवलीय. भाऊ फोनवर ओरडतोय, उघडू नकोस म्हणून. स्क्रू केव्हाच निघालेत.